मदत हवी आहे: ‘ड्रास्टिक’ आला कुठून, आणि मराठीत काय लिहू?

एका लेखाचं मराठी करतोय. त्यात जागोजागी ‘ड्रास्टिक’ आहे: उपाय ड्रास्टिक, बदल ड्रास्टिक, किमतींतली घसरणही ड्रास्टिकच. कोशात ‘कठोर, तीव्र, कडक’ सापडतं. उपाय कठोर असतील हो, पण घसरण कठोर कशी असेल?

मुळाशी जावं म्हटलं तर गोंधळ वाढला. इसवी सनापूर्वी 621च्या सुमारास अथेन्सला कायदे लिहून देणारा ड्रॅको, ज्याने किरकोळ चोरीलाही देहदंड ठेवला म्हणतात, त्याच्यावरून ‘ड्रॅकोनियन’ आला. ‘ड्रास्टिक’ही त्याच घरातला का? मित्र म्हणतो, नाही, तो ‘ड्रामा’चा भाऊ. नाटकाचा इथे काय संबंध? शिवाय जुन्या औषधशास्त्रात जमालगोट्यासारख्या रेचकांना ‘ड्रास्टिक’ म्हटलेलं दिसतं. ते कसं काय? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मित्राचं बरोबर आहे. ग्रीकमध्ये ‘द्रान’ म्हणजे करणे. केलं जातं ते ‘द्रामा’, आणि करून दाखवणारं, गुणकारी ते ‘द्रास्टिकोस’. ड्रॅकोशी नातं नाही, नुसतं ध्वनिसाम्य.

तुमचा जमालगोटा हीच खरी किल्ली. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो वैद्यकातूनच: लगेच आणि जोरात लागू पडणारं औषध, विशेषतः पोट धुऊन काढणारं. कायदे, कपात, सुधारणा यांना तो एकोणिसाव्या शतकात चिकटला. म्हणून त्यात क्रौर्यापेक्षा जोर जास्त आहे, आणि ‘कठोर’ तिथेच फसतो.

उपायांना ‘जालीम’ लिहा. त्याचा प्रवासही बघण्यासारखा आहे. मुळात अरबी, अर्थ जुलमी. हिंदीत अजून तसाच आहे, मराठीत मात्र औषधाला लागून गुणकारी झाला. बदलाला ‘आमूलाग्र’. घसरणीला सरळ ‘प्रचंड’; उगाच एकच प्रतिशब्द सगळीकडे ठोकू नका.

धागाकर्ता

आभार! ‘जालीम’ डोक्यातच आला नव्हता. आता एकच अडकलंय: ‘खर्च ड्रास्टिकली कमी केला’. ‘जालीमपणे’ तर विनोदी वाटतं. ‘झपाट्याने’ म्हटलं तर वेग कळतो, प्रमाण कळत नाही.

प्रतिसाद

क्रियाविशेषण सोडूनच द्या. ‘खर्चाला मोठी कात्री लावली’.