मेंदूच्या दोन भागांमधला जोड कापला तर काय होतं?

डावा मेंदू लॉजिकवाला आणि उजवा क्रिएटिव्ह हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण हे दोन भाग जोडलेत कशाने आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो का हे कोणी नीट सांगतच नाही. तो जोड तुटला तर माणसाचं काय होतं? माहीत असेल त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १
मेन जोड म्हणजे कॉर्पस कॅलोसम, मधोमध खोलवर असलेला पांढऱ्या तंतूंचा जाड पट्टा, त्यात साधारण २० कोटी तंतू असतात. आणि तो खरंच कापतात, औषधांना दाद न देणाऱ्या एपिलेप्सीत झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून. ऑपरेशननंतर पेशंट चालतो, बोलतो, वरवर काहीच कळत नाही. १९६०च्या दशकात रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा या मेंदूशास्त्रज्ञांनी अशा लोकांच्या टेस्ट घेतल्या तेव्हा गंमत कळली (स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं). नजर समोर एका ठिपक्यावर ठेवायची आणि डावीकडे क्षणभर चमच्याचं चित्र दाखवायचं. हे चित्र जातं उजव्या मेंदूत, बोलणं बहुतेकांचं डावीकडे, म्हणून पेशंट म्हणतो काहीच दिसलं नाही, पण डावा हात उजव्या मेंदूच्याच ताब्यात असतो, त्यामुळे पडद्यामागे डावा हात घालायला सांगितलं की चाचपून बरोब्बर चमचाच उचलतो!

प्रतिसाद २
पुढचा प्रयोग तर वाचाच. डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फाचं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं, तर उजव्या हाताने कोंबडीचं चित्र निवडलं, डाव्याने (बर्फ उपसायच्या) फावड्याचं. फावडं का असं विचारल्यावर पेशंटने लगेच सांगितलं की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला लागतं ना. बोलणाऱ्या डाव्या मेंदूला बर्फाचा पत्ताच नव्हता, तरी कारण तयार! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आपण स्वतःच्या वागण्याची जी कारणं देतो त्यातली किती अशी नंतर जुळवलेली असतील.

प्रतिसाद ३
परिणामाचं राहिलंच की. एक बाजू दुसरीला नुसती माहिती देत नाही, आवरतेसुद्धा. एकच हात हलवायचा असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला गप्प ठेवावं लागतं, लहान मुलांमध्ये हे अजून पक्कं झालेलं नसतं म्हणून एका हाताची बोटं हलवताना दुसऱ्याचीपण हलतात. स्ट्रोकनंतर काही पेशंट्समध्ये धडधाकट बाजू जखमी बाजूला जास्तच दाबते असं दिसलंय.

मूळ प्रश्नकर्ता
भारी माहिती, थँक्स सगळ्यांना! पण जन्मतःच हा पट्टा नसेल तर?

प्रतिसाद १
असतात असे लोक. त्यांच्यात चमच्यासारखे प्रकार बहुधा दिसत नाहीत, कारण मेंदू वाढतानाच बाकीचे छोटे जोड वापरून वाट काढतो, पण गुंतागुंतीचं काम पटकन करताना बऱ्याच जणांना अडचण येते.