मास्क सुटला तेव्हा: नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

३१ मार्च २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने कोरोनाचे निर्बंध उठवायचं ठरवलं, अन् गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला. तोवर आपल्याकडे मास्क नसला की आधी २०० अन् मग ५०० रुपये दंड होता. एका रात्रीत नियम गेला, पण माणसं एका रात्रीत बदलली नाहीत. कोणी त्याच दिवशी काढला, कोणी अजूनही लावते. ज्यांच्या घरचं माणूस २०२१ च्या एप्रिलमध्ये गेलं त्यांना तर हे सगळं वेगळंच वाटलं असेल. तुमच्या घरी, दुकानात, शाळेत काय झालं ते लिहा. लहान-मोठं काहीही चालेल.

*

मी महालातल्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. २०२० मध्ये जी पोरं पहिलीत आली त्यांची पहिली मोबाईलवरच गेली, अन् मग वर्गात आली ते मास्क लावूनच. 'ळ' म्हणताना जीभ कुठे वळते ते दाखवायचं असते हो, ते मास्कमधून कसं दाखवणार? मास्क निघाले तर एका पोराचे समोरचे दोन्ही दात पडून नवे आले होते, मधलं सगळं मला दिसलंच नाही. काही पोरं मात्र काढायला तयारच नव्हती, एक मुलगी डबा खातानाही तोंडासमोर हात धरायची, तिला मी अजिबात घाई केली नाही.

*

इतवारीत कापडाचं दुकान आहे. २०२० अन् २०२१, दोन्ही वर्षी ऐन लग्नसराईत शटर खाली. २०२२ ला गिऱ्हाईक आलं, लय बरं वाटलं. बस एवढंच.

*

माझा मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही, मशीन आहे पण तो अर्धं ओठांवरूनच समजतो. मास्कच्या काळात त्याच्यासाठी सगळे लोक मुके झाले होते. किराणावाले काका बोलून राह्यले अन् हा त्यांच्या डोळ्यांकडे पाहून राह्यला, मग माझा हात ओढायचा. स्पीच थेरपीच्या मॅडमनी पारदर्शक मास्क आणला होता पण पाच मिनिटांत वाफेने आतून पांढरा व्हायचा, त्या सारख्या पुसायच्या, बिचाऱ्या. पाडव्यानंतर आम्ही गोकुळपेठच्या बाजारात गेलो, भाजीवाली मावशी म्हणाली "काय पाहिजे बाळा", अन् त्याने स्वतः सांगितलं, "टमाटर". माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिथेच रडायला लागली. काही लोकांना मास्क म्हणजे फक्त उकाडा वाटत होता, आमच्यासाठी तो भिंत होता.

*

वरचं वाचून मलाही रडू आलं ताई, पण आमच्याकडे उलटं आहे तेही लिहिते. बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या रोज चालू असतात, त्यामुळे लशीचाही परिणाम अशा पेशंटमध्ये कमी होतो. म्हणजे सगळ्यांचा कोरोना संपला तरी आमचा नाही संपला. मी मेट्रोत एन-९५ लावूनच बसते. एक काका म्हणाले, "आता काऊन लावता, गेला ना कोरोना!" वाईट बोलले नाहीत ते, पण दर वेळी अनोळखी माणसाला घरचं आजारपण कसं सांगायचं? ऐच्छिक म्हणजे लावणाऱ्यालाही मोकळीक हवी ना.

*

मी नर्स आहे, दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन वॉर्डात ड्युटी होती. तेव्हा पेशंटला आमचा चेहरा कधी दिसलाच नाही, किटवर मार्करने नाव लिहायचो, त्याच नावाने हाक मारायचे. २०२२ मध्ये एक आजी फॉलोअपला आल्या, मी मास्क खाली केला तर ओळखेनात, "सिस्टर, पाणी द्या" असं त्या रात्रभर म्हणायच्या ते मी सांगितलं तेव्हा माझ्या गालाला हात लावला त्यांनी. निर्बंध उठले तरी वॉर्डात आम्ही लावतच होतो, टीबीचे, खोकल्याचे पेशंट तर रोजचेच. वरच्या ताई, तुमच्या बाबांसारखे पेशंट आमच्याच ओपीडीच्या रांगेत बसलेले असतात, म्हणून ज्याला खोकला आहे त्याने दवाखान्यात येताना तेवढा लावून या. नसेल तर काउंटरवर मागा, आम्ही देतो.