रणगाड्याची कडी घरात पाझरतेय, काय करू?

तालिनचा_सातारकर:
तीन वर्षं एस्टोनियात, तालिनमध्ये नोकरीला आहे. गेल्या महिन्यात इथल्या जुन्या बाजारातून टी-३४ रणगाड्याच्या पट्ट्याची एक कडी ४० युरोला उचलली. सप्टेंबर २००० मध्ये इथल्याच कुर्त्नाजवळच्या तळ्यातून बुलडोझर लावून एक टी-३४ ओढून काढला होता, आठवतंय? मूळ रशियन, पण जर्मनांनी पकडून वर स्वतःचे क्रॉस रंगवलेला. १९४४ पासून तळाच्या गाळात, तरी गंज नावापुरता. विकणारे आजोबा म्हणाले, ही कडी तशाच दुसऱ्या एका तळ्यातली.

आणली तेव्हा काळीभोर, कोरडी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. आता खाचांतून चहाच्या रंगाचे थेंब येतात, वाळले की पोकळ फोड होतात आणि नखानं टोकरलं तर खपली निघते. बायको म्हणते, एक तर ती बाल्कनीत जाईल नाहीतर मी.

बंड्या_बिनधास्त:
संडास धुवायचं अ‍ॅसिड ओता. लखलखीत!

लोखंडवाली:
बंड्या, गप्प बस. त्या अ‍ॅसिडात क्लोराइडच असतं आणि दादांचं दुखणंही तेच आहे.

दादा, हे थेंब म्हणजे लोखंडात मुरलेलं मीठ. हवेतला ओलावा ओढून ते आतून खातं. तारेच्या ब्रशनं घासून वर व्हार्निश मारू नका, आत कुजत राहील. धुण्याचा सोडा लिटरला ५० ग्रॅम, त्यात कडी पूर्ण बुडवा आणि पाणी महिन्या-महिन्यानं बदला. सहा महिने सहज जातील. मग सोडा पूर्ण धुऊन काढा (तो उरला तरी पाणी गढुळतं), डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दुधाळ झालं तर अजून मीठ आहे. निवळ राहिलं की वाळवून टॅनिक अ‍ॅसिडचा हात आणि वर मेण. (टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्याच्या फळातलंच. लोखंडाला लागलं की काळं होतं, जुनी शाई तशीच करायचे.)

एक खटकतंय. तळ्याच्या गाळात प्राणवायू नसतो आणि पाणी गोडं, म्हणून तर कुर्त्नाचा रणगाडा टिकला. तिथली कडी इतकी पाझरायला नको. कडीच खोटी नाही ना, चुंबक लावून बघा. या कड्या मँगनीजच्या पोलादाच्या ओतीव असायच्या, त्याला चुंबक जेमतेम धरतो.

निवृत्त_सुभेदार:
कडी घेतलीत, ठीक. गोळा किंवा त्याचा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) कुणी ‘निकामी आहे’ म्हणून दिला तर हात लावू नका. कुर्त्नाच्या त्या गाडीतसुद्धा गोळे भरलेलेच निघाले होते. पाण्यात राहिली म्हणून दारू मरत नाही.

तालिनचा_सातारकर:
फ्रिजवरचा गणपती काढून लावला. खपलीवर नुसता टेकतो, खपली काढलेल्या जागी घसरून पडतो. आणि मधला दात निरखून बघताना त्याच्या बुडाशी पांढरं, गोल, नखाएवढं काहीतरी चिकटलेलं दिसलं. चुन्याच्या कड्यासारखं.

लोखंडवाली:
मालवणला खडकांना चिकटलेल्या ज्या कवचांनी पाय कापला जातो ना, त्याच जातीचं. समुद्रातलं. कडी खरी आहे दादा, तळं खोटं. बाल्टिक कमी खारट, पण एवढ्या वर्षांत तेवढंही पुरतं.

ते पांढरं खरवडू नका. आधी फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. आणि बादली प्लास्टिकची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची नको, सोडा ती खातो.

तालिनचा_सातारकर:
बादली आणली. बाल्कनीतच ठेवलीय.