रॉयल जेलीच्या कॅप्सूलवर पैसे घालावेत का?

मृण्मयी_ठाणे
आमच्या सोसायटीत सध्या घरोघरी रॉयल जेलीच्या कॅप्सूल दिसतायत. रॉयल जेली म्हणजे मधमाश्या राणीमाशीला भरवतात तो त्यांच्या अंगातला स्राव. 'कामकरी माशी दीड महिन्यात मरते, राणीमाशी हे खाऊन वर्षानुवर्षं जगते' एवढ्या एका वाक्यावर डबे खपतात. माझं स्पष्ट मत: पूरक आहार म्हणून हे घेऊ नये. एकाच तऱ्हेच्या अंड्यातून आहारामुळे राणी किंवा कामकरी घडते, हे खरंच आहे. पण हा फरक अळी वाढत असताना पडतो. त्यावरून माणसाचं आयुष्य वाढेल असं कसं म्हणायचं?

पोषण म्हणावं, तर ताज्या जेलीत ६० ते ७० टक्के पाणीच. एक ग्रॅम घेतलीत तर प्रथिनं मिळणार जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये हिचे आरोग्यदावे तपासले आणि एकही सिद्ध होत नाही असं सांगितलं.

मधपाळ_वाई
ताई, विक्रेत्यांवरचा राग जेलीवर काढू नका. ती कशी निघते ते बघा. एका दिवसाच्या आतली अळी सुईने उचलून प्लास्टिकच्या वाटीत ठेवायची, अशा वाट्यांची चौकट राणी नसलेल्या पेटीत द्यायची. दाई माश्या त्या वाट्या भरत जातात. तिसऱ्या दिवशी, ७२ तासांच्या आत, चौकट काढायची, अळी अलगद बाजूला करायची आणि तळाचा पांढुरका लगदा खरवडून घ्यायचा. आंबट, घशाला झोंबणारा. एका वाटीत २००-३०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमभरासाठी चार-पाच वाट्या. लगेच थंडीत ठेवली नाही तर उतरते. आपल्या देशी सातेरी माशीवर हे परवडत नाही, परदेशी मेलिफेरा माशीच्या पेट्या लागतात. फुलोरा संपल्यावर मध नसतो, तेव्हा मधपाळाला असं काही जोडउत्पन्न हवंच.

आणि अभ्यास नाहीत असंही नाही. जपानमध्ये ६१ निरोगी लोकांवर सहा महिने चाचणी झाली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ३००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी आणि शरीराची साखर पेलण्याची क्षमता सुधारलेली दिसली.

मृण्मयी_ठाणे
काका, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही, आणि ही माहिती मला नवी आहे. पण ६१ माणसं म्हणजे फार थोडी. शिवाय मात्रा ३००० ची. आमच्याकडच्या डब्यावर ५०० लिहिलंय. ती ताजी ५०० की वाळवलेली, तेही नाही. वाळवलेली साधारण तिप्पट घट्ट असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

संपदा_फार्मसिस्ट
पैशांपेक्षा मोठा मुद्दा राहिलाच. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी रॉयल जेलीला हातही लावू नये. दम्याचा जोरदार झटका, ॲनाफिलॅक्सिस (अंगभर उठणारी जीवघेणी ॲलर्जी), क्वचित मृत्यूही नोंदलेले आहेत. ऑस्ट्रेलियात हा धोका डब्यावर छापणं सक्तीचं आहे. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. दुकानात लोक 'नैसर्गिकच आहे ना' म्हणून विचारतात, तेव्हा मी आधी दम्याचं विचारते.

राजस_पुणे
संपदाताईंचं पटलं, पण म्हणून सगळ्यांनाच बंदी कशाला? शेंगदाण्याचीही ॲलर्जी असते. माझी आई पाळी जाण्याच्या वयात घेत होती, तिची झोप सुधारली. थकवाही कमी झाला. तिला बरं वाटलं, हे मी कुठल्या प्राधिकरणाला विचारू?

संपदा_फार्मसिस्ट
राजस, आईंना बरं वाटलं यात आनंदच आहे. पण त्या वयातल्या तक्रारी आपोआपही कमी-जास्त होतात, आणि गोळी घेतोय या विश्वासानेही झोप लागते. म्हणून तर चाचणीत अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी देतात. शेंगदाणा निदान कुणी औषध म्हणून विकत नाही.

मधपाळ_वाई
घ्यायचीच असेल त्याने निदान लेबलवर १०-एचडीए बघावं. हे आम्ल रॉयल जेलीची ओळख आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ताज्या जेलीत किमान १.४ टक्के हवं. आकडाच छापलेला नसेल तर डबा परत द्या. दम्याचं मीही यापुढे गिऱ्हाइकाला आधी विचारेन.

मृण्मयी_ठाणे
काका, हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, संपदाताईंच्या सूचनेसकट. माझं मत तेच आहे. त्या पैशांत मी तुमच्याकडचा मध घेईन, मार्चमध्ये असेल का?