मदत हवी आहे : केसपेपरच्या सम-विषम आकड्यावरून केलेले रुग्णांचे वाटप यादृच्छिक (रँडम, म्हणजे सोडतीसारखे) मानता येईल का?

नमस्कार.

मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. खांदा आखडलेल्या, म्हणजे फ्रोझन शोल्डर झालेल्या, रुग्णांना नेहमीचे व्यायाम आणि शेक पुरेसे होतात, की थेरपिस्टने हाताने सांधा सैल करण्याची जोड दिली तर हात अधिक लवकर वर जाऊ लागतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. एकूण 60 रुग्ण घ्यायचे असून सहा आठवड्यांनंतर हात बाजूने किती अंशांपर्यंत उचलता येतो, ते गोनिओमीटरने मोजायचे आहे. एथिक्स कमिटीची परवानगी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच झाल्या आहेत.

वाटपाची पद्धत अशी लिहिली होती की केसपेपरचा शेवटचा आकडा विषम असेल तर रुग्ण ‘अ’ गटात जाईल, म्हणजे त्याला फक्त व्यायाम आणि शेक मिळेल, आणि आकडा सम असेल तर तो ‘ब’ गटात जाईल, म्हणजे त्याच्या सांध्यावर हाताने उपचारही होतील. तीन महिन्यांत 24 रुग्ण झाले. मागच्या आठवड्यात नोंदवही तपासताना लक्षात आले की ‘अ’ गटात 16 आणि ‘ब’ गटात 8 रुग्ण आहेत. ‘अ’मधील नऊ जणांना मधुमेह आहे, तर ‘ब’मधील एकालाच. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा सुटायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे ‘ब’ गट सरस ठरला तर ते श्रेय उपचाराचे की रुग्णांच्या निवडीचे, हे मला सांगता येणार नाही.

ओपीडीत रुग्णांना अभ्यासाची माहिती देऊन संमती घेण्याचे काम माझी एक सहकारी करते. तिने मोकळेपणाने सांगितले की केसपेपर हातात असल्यामुळे कोण कोणत्या गटात जाणार ते तिला आधीच कळते, आणि एखाद्या वयस्कर, मधुमेही, दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णाचा आकडा सम निघाला, तर सांधा ताणणे त्यांना सोसेल का या काळजीपोटी तिने दोन-तीन वेळा अभ्यासाचा विषयच काढला नाही. तिचा हेतू रुग्णाच्या भल्याचा होता. पद्धत मी लिहिली होती, त्यामुळे चूक माझी आहे.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे आहे की केसपेपरचा क्रमांक नोंदणीच्या खिडकीवर पडतो, तो कोणी निवडत नाही, म्हणून तो यादृच्छिकच आहे; शेवटी वय, लिंग, मधुमेह वगैरेंची तुलना करून पी-मूल्ये (निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता सांगणारे आकडे) दिली म्हणजे झाले. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. या 24 रुग्णांचे काय करावे, पुढचे वाटप कसे करावे आणि त्या पी-मूल्यांना खरोखर काही अर्थ आहे का, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. नोंदणीसाठी अजून आठ महिने हातात आहेत. दोन गटांच्या निष्कर्षांची तुलना मी अद्याप केलेली नाही.

प्रतिसाद 1

आपली शंका रास्त आहे. मी कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा आधी शेताच्या भाषेत सांगतो. एका वाणाला बांधालगतचे प्लॉट आणि दुसऱ्याला विहिरीजवळचे प्लॉट मिळाले, तर उत्पन्नातला फरक वाणाचा की पाण्याचा, हे नंतर कोणत्याही गणिताने सुटत नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात आग्रह धरला तो यासाठीच, की कोणत्या प्लॉटला काय मिळावे हे माणसाने किंवा सोयीच्या क्रमाने ठरवू नये, ते सोडतीने ठरावे. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या 1954 च्या पुस्तकाने हीच शिस्त शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवली.

मात्र शेतातला प्लॉट ‘मला त्या गटात नको’ असे म्हणत नाही आणि प्लॉटची दया येऊन कोणी त्याची जागा बदलत नाही. माणसांवरच्या प्रयोगात हीच अडचण मोठी असते. स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर येथे 1930 साली शाळकरी मुलांना दूध देण्याचा प्रयोग झाला. 67 शाळांतील सुमारे 10,000 मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध मिळाले आणि तेवढीच मुले दुधाविना तुलनेसाठी ठेवली. निवड चिठ्ठीने किंवा आडनावांच्या अक्षरक्रमाने होणार होती. पण एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुले फार जमली असे वाटल्यास शिक्षकांनी काही मुले बदलावीत, अशी मुभा होती. प्रयोगाच्या आरंभी दुधाच्या गटातली मुले उंचीने आणि वजनाने दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी 1931 मध्ये दाखवून दिले की शिक्षकांनी नकळत गरीब, खंगलेल्या मुलांना दुधाकडे वळवले असावे. त्यात भर अशी की वजने कपड्यांसह घेतली होती, एकदा फेब्रुवारीच्या थंडीत आणि नंतर जूनमध्ये. त्यामुळे ज्यांच्याकडे हिवाळ्याचे जाड कपडे होते, त्या सुखवस्तू मुलांची वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली. एवढी मुले घेऊनही प्रश्न सुटला नाही. एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर अधिक खात्रीचे उत्तर मिळाले असते, असे गॉसेट यांचे मत होते.

आपल्या सहकारी आणि ते शिक्षक, दोघांचीही भावना चांगली होती, आणि म्हणूनच हा दोष ओळखणे कठीण जाते.

प्रतिसाद 2

मी काही वर्षे औषधचाचण्यांच्या कामात आहे. आपल्या मार्गदर्शकांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. खिडकीवर पडणाऱ्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम, याचा रुग्णाच्या खांद्याशी संबंध नसतो. पण रँडमायझेशनला, म्हणजे यादृच्छिक वाटपाला, दोन अंगे आहेत: क्रम कसा तयार झाला, हे एक, आणि रुग्ण अभ्यासात दाखल होईपर्यंत तो क्रम सर्वांपासून झाकलेला राहिला का, हे दुसरे. आपल्या रजिस्ट्रीच्या अर्जातही या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे रकाने आहेत. तुमची पद्धत दुसऱ्या अंगाने पूर्ण उघडी आहे, आणि नुकसान तिथेच झाले.

कोपनहेगनमध्ये डॉक्टर योहानेस फिबिगर यांनी घटसर्पावर उपचार म्हणून टोचल्या जाणाऱ्या सीरमची पारख करताना एक दिवस दाखल झालेल्यांना ते दिले आणि दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्यांना दिले नाही. 1898 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 239 पैकी 8 आणि 245 पैकी 30 मृत्यू झाले. त्या काळाच्या मानाने हे फार मोठे पाऊल होते, तरी आज कोणता वार आहे हे दाखल करणाऱ्याला माहीत असणारच. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या ब्रिटनमधील चाचणीत, जिचा अहवाल 1948 साली आला, संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून क्रम काढला आणि प्रत्येक रुग्णाचा गट बंद लिफाफ्यात ठेवला. समिती रुग्णाला पात्र ठरवीपर्यंत लिफाफा उघडत नसे. औषध मिळालेल्या 55 पैकी 4 आणि फक्त विश्रांती दिलेल्या 52 पैकी 14 रुग्ण सहा महिन्यांत दगावले. एवढ्या थोड्या रुग्णांच्या चाचणीवर जगाने विश्वास ठेवला, त्यात त्या लिफाफ्यांचा वाटा मोठा आहे, असे मी मानतो.

आता तुमच्यासाठी. आजपासून नवी नोंदणी थांबवा. सुरू असलेल्या 24 जणांचे उपचार आणि मोजमाप मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण करा, कारण त्यांनी वेळ आणि विश्वास दिला आहे. एथिक्स कमिटीला घडलेला प्रकार लिहून कळवा, पद्धतीतील बदलाला मंजुरी घ्या आणि रजिस्ट्रीतही तो बदल नोंदवा. त्यानंतर 60 रुग्णांची मोजणी नव्याने सुरू करा. महिन्याला आठ रुग्ण येत असतील तर आठ महिन्यांत ते कसेबसे होईल. पहिल्या 24 जणांची माहिती प्रबंधात वेगळी द्या, मुख्य विश्लेषणात मिसळू नका आणि गाळूही नका. हे सारे निष्कर्षांची तुलना करण्याआधी लेखी ठरवणे फार महत्त्वाचे आहे; आकडे पाहून घेतलेला निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

नवा क्रम संगणकावर काढून घ्या, आणि तो तुम्ही किंवा तुमच्या सहकाऱ्यांनी काढू नये. अभ्यासाशी संबंध नसलेल्या विभागातील कोणालाही ते काम सांगता येईल. साधे नाणे उडवल्यासारखे वाटप केले तर 40 रुग्णांत बरोबर 20-20 अशी विभागणी शंभरात साधारण 12-13 वेळाच होते, म्हणून ब्लॉक वापरतात, म्हणजे रुग्णांचे छोटे संच, ज्यांत दोन्ही गट सारखेच असतात. चारच्या ब्लॉकमध्ये दोन ‘अ’ आणि दोन ‘ब’ यांच्या सहा मांडण्या होतात. पण सगळे ब्लॉक चारचेच ठेवले आणि पहिले दोन रुग्ण ‘अ’मध्ये गेले, तर पुढचे दोन ‘ब’ हे कोणीही ओळखेल; म्हणून चार आणि सहाचे ब्लॉक मिसळा आणि ब्लॉकचा आकार ओपीडीत कोणाला सांगू नका. मधुमेह असलेले आणि नसलेले यांच्यासाठी लिफाफ्यांचे दोन स्वतंत्र संच करा. वय, दुखण्याचा काळ, डावा-उजवा हात अशा प्रत्येक गोष्टीचे वेगळे संच करण्याचा मोह टाळा. 60 रुग्णांत ते संच अर्धवट राहतात आणि समतोल साधण्याऐवजी बिघडतो.

लिफाफे अपारदर्शक हवेत, आत फॉइलचा तुकडा घालावा, बाहेर अनुक्रमांक असावा. उजेडासमोर धरून लिफाफे वाचल्याचे प्रकार परदेशातील चाचण्यांतही घडले आहेत. संमतीपत्रावर सही आणि सुरुवातीचे मोजमाप झाल्यावरच, लिफाफ्यावर रुग्णाचे नाव आणि तारीख लिहून, मग तो उघडायचा. आत कार्बन पेपर ठेवला तर ती नोंद चिठ्ठीवरही उमटते आणि मागाहून बदल करता येत नाही. सहा आठवड्यांनी गोनिओमीटर धरणाऱ्याला रुग्णाचा गट माहीत नसावा. उपचार तुम्हीच करणार असाल तर मोजमाप तुम्ही करू नका.

प्रतिसाद 3

पी-मूल्यांपुरते लिहितो. वाटप खरोखर यादृच्छिक असेल तर सुरुवातीचा फरक योगायोगानेच आला, हे आपल्याला आधीच ठाऊक असते; मग तो योगायोगाने आला का, हे तपासण्यात अर्थ नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या बारा गोष्टी तपासल्या तर किमान एकीत तरी 0.05 पेक्षा कमी पी-मूल्य येण्याची शक्यता 46 टक्के असते. आणि वाटप यादृच्छिक नसेल, तर जे आपण मोजलेच नाही त्यातला फरक या तक्त्यात दिसणार नाही. तक्ता अवश्य द्या. सरासरी, प्रमाण विचलन आणि रुग्णसंख्या द्या. पी-मूल्ये देऊ नका. मधुमेहाचा परिणाम मुख्य विश्लेषणात धरायचा असेल तर तसे आधीच लिहून ठेवा.

एक दुरुस्तीही सुचवतो. 16 आणि 8 ही विभागणी स्वतः पुरावा नव्हे. निव्वळ नाणेफेकीतही 24 जणांत इतकी किंवा याहून विषम विभागणी शंभरात सुमारे 15 वेळा होते. आपल्या सहकारी बाईंनी जे सांगितले तो खरा पुरावा आहे. विभागणी 12-12 झाली असती तरी दोष तेवढाच राहिला असता, फक्त तो आपल्या लक्षात आला नसता.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. जे मला शब्दांत मांडता येत नव्हते ते आता मार्गदर्शकांपुढे मांडता आले. त्यांनी ऐकून घेतले आणि कमिटीला पत्र देण्यास होकार दिला. लिफाफे तयार करण्याचे काम ग्रंथालयातील एका ताईंनी घेतले आहे. एक शंका उरली आहे. नव्या पद्धतीत ‘ब’ गटाची चिठ्ठी निघालेल्या रुग्णाने दुसऱ्या दिवशी ‘मला हाताने ताणणे नको, नुसते व्यायामच द्या’ असे म्हटले, तर त्याला ‘अ’ गटात मोजावे का?

प्रतिसाद 2 चे लेखक

नाही. त्याला हवे ते उपचार द्या, तो त्याचा हक्क आहे. परंतु विश्लेषणात तो ‘ब’ गटातच मोजा आणि सहा आठवड्यांनी त्याचेही मोजमाप घ्या. उपचार सोसत नाहीत म्हणून गट सोडणारे रुग्ण बहुधा अधिक दुखणाईत असतात. त्यांना ‘अ’मध्ये सरकवले तर तुमच्या सहकाऱ्यांच्या हातून संमतीच्या आधी जे झाले, तेच संमतीनंतर होईल. असे किती जण झाले आणि त्यांनी कोणते कारण दिले, याची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत ठेवा.