आजीच्या डब्यातील ‘कोलंबस’ बोटीचा ब्रोच: चांदी की जर्मन सिल्व्हर?

दादरकर: नमस्कार. घर आवरताना आजीच्या कुंकवाच्या डब्यात जुन्या रुपयाएवढा एक ब्रोच सापडला. आकार बोटीवरच्या जीवरक्षक कड्याचा असून त्यावर निळ्या मिन्यात रोमन लिपीत ‘कोलंबस’ लिहिले आहे. मध्ये दोन पिवळ्या धुराड्यांची बोट आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक निशाण. पहिले पांढरे, त्यावर निळी किल्ली व नांगर फुलीसारखे. दुसऱ्यावर काळा, पांढरा व लाल असे आडवे पट्टे. मागे चंद्रकोर, मुकुट आणि ८०० हा आकडा आहे. झवेरी बाजारातील एका सराफाने ‘हे जर्मन सिल्व्हर’ म्हणून ब्रोच परत केला. आजोबा गोदीत कारकून होते आणि कुणा प्रवाशाने तो त्यांना भेट दिला, असे आई सांगते. हा कोणत्या काळातील असावा?

कसोटी: सराफाची गल्लत नावामुळे झाली आहे. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू. त्यात चांदी नावालाही नसते. (आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात, तेव्हा त्यांना फार दोष देता येणार नाही.) चंद्रकोर व मुकुट हा मात्र १८८८पासून जर्मनीत चालत आलेला चांदीचा शिक्का असून ८०० म्हणजे हजार भागांत आठशे भाग चांदी. आपल्या सराफांना ९२५ची सवय असते, त्यामुळे ८०० पाहून ते हलक्यात काढतात. कृपया आटवणीस देऊ नये आणि तेजाबात तर मुळीच बुडवू नये, कारण मिना एकदा उडाला की पूर्वीसारखा बसत नाही. मऊ सुती कापडाने हलके पुसले तरी पुरे.

बंदरकाठ: किल्ली व नांगर हे जर्मनीतील ब्रेमेनच्या नॉर्डडॉइचर लॉइड या जहाज कंपनीचे निशाण आहे; किल्ली ब्रेमेन शहराच्या राजचिन्हातून आलेली. ‘कोलंबस’ १९२४ साली न्यूयॉर्कच्या फेरीवर रुजू झाली आणि पुढे सहलीच्या सफरीही करू लागली. काळ ठरवायचा तर भिंग घेऊन धुराडी पाहावीत. आरंभी ती उंच व बारीक होती. १९२९च्या दुरुस्तीत, कंपनीच्या नव्या ‘ब्रेमेन’ बोटीशी सारखी दिसावीत म्हणून, ती बुटकी व रुंद करण्यात आली. दुसऱ्या निशाणाच्या वरच्या कोपऱ्यात, काठीच्या बाजूला, काळा-लाल-सोनेरी लहान चौकोन आहे का? असल्यास ते जर्मनीचे १९३३पूर्वीचे व्यापारी निशाण होय. सप्टेंबर १९३५नंतरच्या वस्तूवर राष्ट्रध्वज असता तर तो स्वस्तिकाचाच असता.

आजोबांच्या हकिकतीबद्दल मात्र जपून बोलावे. अशा वस्तू हातोहात फिरत, त्यामुळे ब्रोच मुंबईत सापडला एवढ्यावरून बोट मुंबईला आली होती असे ठरत नाही. बोटीचा शेवट मात्र पक्का ठाऊक आहे: १९ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटिश विनाशिकेने गाठल्यावर खलाशांनी ती स्वतःच बुडवली, आणि त्यांना ‘टस्कालूसा’ या अमेरिकन क्रूझरने उचलले.

दादरकर: भिंगातून पाहिले. धुराडी बुटकी आहेत आणि चौकोनही आहे, फक्त त्यातला सोनेरी रंग अर्धा उडालेला आहे. म्हणजे १९२९ ते १९३३. आईला सांगितले, तर ती म्हणाली, ‘भेटच होती ती, तुमचे भिंग काहीही सांगो.’

कसोटी: मातोश्रींचे म्हणणे एका चिठ्ठीवर लिहून ब्रोचसोबत ठेवावे, आणि भिंगाचे वेगळ्या चिठ्ठीवर.