मदत हवी आहे : संगणकाचा सल्ला अधिकाऱ्याच्या मताआधी दाखवावा की नंतर?

नमस्कार. कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आम्ही एक निर्णय-साहाय्य प्रणाली (निर्णय घेताना सल्ला देणारी संगणक प्रणाली) तयार करीत आहोत आणि एका प्रश्नापाशी माझे घोडे अडले आहे. अर्ज उघडताच वरच्या कोपऱ्यात ‘धोका : ७८’ असा प्रणालीने काढलेला लाल आकडा दिसतो. चाचणीच्या वेळी मी शेजारी बसून पाहिले, तेव्हा अधिकाऱ्यांची नजर आधी तिथेच जात होती आणि पुढचे उत्पन्नाचे तपशील ते त्या आकड्याला दुजोरा शोधत असल्यासारखे वाचत होते. विचाराला हातभार लावण्याऐवजी आपण विचारच थांबवत आहोत, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

आकडा नंतर दाखवावा, तर एकदा नोंदवलेले मत बदलायला माणूस सहसा राजी होत नाही. सल्ल्यामागची कारणे दाखवण्याचाही मुद्दा आहे. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली मायसिन ही वैद्यकीय प्रणाली डॉक्टरांना रुग्णाविषयी प्रश्न विचारी; तेव्हा ‘हे का विचारतेस?’ असे डॉक्टर तिला विचारू शकत आणि ती त्यामागचा नियम दाखवीत असे. आमच्या प्रणालीत अशी सोय अद्याप नाही.

आपल्यापैकी कोणी अशी प्रणाली प्रत्यक्ष वापरली किंवा घडवली असल्यास, सल्ल्याचा क्रम कसा ठेवला आणि कारणे किती तपशिलात दिली, हे कृपया सविस्तर सांगावे.